मानपाड्याचं घर, नौपाड्याचं कपाट

घर ठाण्यातल्या मानपाड्याचं, घोडबंदर रोडलगतच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर. दोन बेडरूम, हॉल, किचन. कार्पेट ६८० चौरस फूट. राहणारी माणसं पाच: निवृत्त काका-काकू, मुलगा, सून आणि तिसरीत शिकणारी नात. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने टर्नकी पद्धतीने, म्हणजे सगळं काम एकहाती अंगावर घेऊन, साडेअकरा लाखांत सगळं इंटिरिअर करून दिलेलं. काम वाईट नव्हतं. ड्रॉवर अलगद सरकत होते, लॅमिनेटची कड कुठे सुटली नव्हती, ट्रॉल्या किरकिरत नव्हत्या. माझा धंदा घरांच्या इंटिरिअरचाच. तरी मुलाचा मला फोन आला तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं: "मॅडम, घर छान आहे, पण आम्ही त्यात हॉटेलात उतरल्यासारखे राहतोय. थोडं वॉर्म करून द्याल का?"

फोनपाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आले. लाकडी पट्ट्यांची भिंत, पिवळे दिवे, वेताचा झुंबरासारखा लॅम्प, कुंडीत मोठ्या पानांचं झाड. गंमत म्हणजे यातलं निम्मं त्यांच्या घरात आधीच होतं. टीव्हीमागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल होतं, लॅमिनेट अक्रोडी रंगाचं होतं, कोपऱ्यात झाडही होतं (प्लॅस्टिकचं, पण होतं). घरपण आणणारं सामान लावूनही घरपण आलेलं नव्हतं, तेव्हा तेच सामान आणखी आणून काही होणार नव्हतं. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण तेवढंच. इथे नवीन विकत घेतलेलं फारच थोडं आहे.

आधीची हकीकत

काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू शिक्षिका. दोघांची चाळीसेक वर्षं ठाण्यातल्याच नौपाड्यात गेली. तळमजला अधिक तीन अशी ती इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डरकडून भाडं मिळायला लागलं आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत मुलाकडे राहायचं ठरलं. येताना दोन सुटकेसभर कपडे आणि देव एवढंच आलं. बाकीचा संसार काकूंच्या भावाच्या कळव्याच्या घरी एका खोलीत रचून ठेवलेला. "तीन वर्षांचा तर प्रश्न," असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. नौपाड्याच्या प्लॉटवर अजून पायाचंच काम चालू आहे.

काकू दोन-तीन दिवसांआड टीएमटीची बस पकडून नौपाड्यात जात. कारण भाजीचं. मी विचारलं, भाजी इथे खालीच मिळते की. "मिळते ना," त्या म्हणाल्या, "पण इथे कोणी विचारत नाही, काल का नाही आलात म्हणून." घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम आणि त्यात संध्याकाळची वाहतूक; कधी परतायला दीड तास. तरी जात.

कोण कुठे बसतं

पहिल्या भेटीत मी रंग, स्टाइल वगैरे विचारत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत कोण कुठे बसतं तेवढं विचारते आणि प्लॅनवर पेन्सिलीने खुणा करते. माणसं आधी चुकीचं सांगतात. ‘आम्ही सगळे हॉलमध्येच असतो’ हे हमखास ऐकायला मिळतं. मग थोडा वेळ नुसतं चहा पीत बसलं की खरं दिसायला लागतं.

इथे दिसलं ते असं. साडेदहा बाय सतरा फुटांचा हॉल. बाल्कनीकडे पाठ करून ठेवलेला एल आकाराचा भलामोठा सोफा, समोर दाराच्या बाजूच्या भिंतीवर टीव्ही. सोफ्यावर बसलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायचं तर मान वळवावी लागे. मुलगा सोफ्याच्या एका टोकाला, कारण चार्जिंगचा पॉइंट तिथे. काका बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. पेपर वाचण्याइतका उजेड त्यांना तेवढ्याच ठिकाणी मिळे. काकू स्वयंपाकघरात स्टुलावर. सून बेडरूममध्ये पलंगावर लॅपटॉप घेऊन, कारण आठवड्यातले दोन दिवस तिचं ऑफिस घरूनच. हॉलच्या पावणेदोनशे चौरस फुटांत दिवसभर बहुधा टीव्हीच एकटा.

आणि नात सोफ्यामागे. सोफ्याची पाठ आणि बाल्कनीचं सरकतं दार यांच्यामध्ये जेमतेम दोन फुटांची पट्टी उरली होती. तिथे एक उशी, ठोकळ्यांचा डबा, खडूंची पेटी, अर्धी खाल्लेली राजगिऱ्याची चिक्की, आणि सोफ्याच्या पाठीवर सेलोटेपने डकवलेली चित्रं. सोफ्याचं कापड त्या टेपने सोलवटलं होतं म्हणून तिला ओरडा बसायचा. साडेअकरा लाखांच्या घरात पूर्णपणे स्वतःची अशी जागा फक्त तिने मिळवली होती, तीही कोणी आखून न दिलेली.

सुनेचं म्हणणं

पहिल्या भेटीत सून फारसं बोलली नाही. दुसऱ्या वेळी सासूबाई देवळात गेल्या होत्या, तेव्हा बोलली. ती डोंबिवलीत दीड खोलीत वाढलेली. "आमच्याकडे प्रत्येक भिंतीला काही ना काही टांगलेलं असायचं, ताई. पलंगाखाली डबे, डब्यांवर बोचकी, बोचक्यांवर अभ्यास. मला मोकळी भिंत बघितली की श्वास घेता येतो. हे डिझाइन मीच पसंत केलं होतं. हप्त्यातला निम्मा भाग माझ्या पगारातून जातो. आता सगळे म्हणतात घर कोरडं आहे. म्हणजे माझीच आवड कोरडी ना?"

या प्रकरणाची किल्ली मला तिथे मिळाली. एरवी माझ्या धंद्यात सरधोपट समज असा की रिकामं म्हणजे परकं आणि वस्तूंनी भरलेलं म्हणजे आपलं. या मुलीच्या लेखी उलट होतं. कोरी भिंत ही तिने कमावलेली चैन होती. त्याच भिंतीकडे बघून काकूंना आपण पाहुणे आहोत असं वाटत होतं. दोघीही बरोबर होत्या. मग घराची एकच एक ‘थीम’ ठरवण्यात अर्थ नव्हता. वाटणी करायला हवी होती. कोणती भिंत कोणाची, कोणता कोपरा कोणाचा, कोणत्या दिव्याचं बटण कोणाच्या हाताशी.

मी तसं कागदावरच मांडलं. हॉलची उत्तरेची भिंत सुनेची: तिथे कोणीही काहीही टांगायचं नाही, काकूंनी नाही आणि मीही नाही. दक्षिणेची भिंत काका-काकूंची. बाल्कनीजवळचा कोपरा नातीचा. मुलाने विचारलं, "आणि माझं काय?" त्याला टीव्ही दिला.

कळव्याची खोली

काकूंबरोबर कळव्याला जाऊन सामान बघितलं. शिसवी चौरंग, पितळी डबे, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, सागवानी आरामखुर्ची, शिवणयंत्र, आणि सगळ्यांच्या मागे, गादीच्या खोळीत गुंडाळलेलं गोदरेजचं कपाट.

जुन्या वस्तूंबद्दल माझं मत जरा कडक आहे. जी वस्तू वापरात येणार नाही ती शोभेला ठेवू नये. मुलाला तो बंब हवा होता. फोटोत पाहिल्याप्रमाणे त्यात मनीप्लांट लावून दाराशी ठेवायचा होता. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या बंबात त्यांनी बाळंतिणीचं पाणी तापवलं त्यात माती भरायची कल्पना त्यांना सहन होईना, पण मुलाला नाही कसं म्हणायचं. नकार मी दिला. बाहेरच्या माणसाचा तेवढा उपयोग असतो. बंब त्यांच्या शहापूरकडच्या पुतण्याकडे गेला. तिथे अजून अंगणात रोज पेटतो.

आरामखुर्ची घेतली. सागवान उत्तम होतं, फक्त वेत फाटला होता. वेत विणणारे आता कमी झालेत, पण आहेत. मुंबईत अंध कारागीर हे काम पिढ्यानपिढ्या करत आलेत. वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवतात, ओल्या असतानाच विणतात, आणि वाळल्या की विणकाम ताणलं जाऊन घट्ट बसतं. मशिनवर विणलेली तयार जाळी खाचेत ठोकून बसवता येते, स्वस्तही पडते. पण या खुर्चीच्या चौकटीला हाताने विणण्यासाठी पाडलेली भोकं होती, तेव्हा हातानेच विणून घेतली. पाच हजार.

कपाट

गोदरेज १९२३ पासून लोखंडी कपाटं बनवतंय. ठाण्यातल्या मराठी घरांतून असं एक तरी कपाट निघतंच आणि इंटिरिअर सुरू झालं की पहिला बळी त्याचाच जातो. ‘ते मॅच होत नाही’ हे वाक्य मी आजवर किती घरांत ऐकलंय त्याला गणती नाही. या कपाटाची उंची साडेसहा फूट, रुंदी तीन, खोली एकोणीस इंच. आत लॉकर, एका दाराला आरसा. खालचा वीतभर भाग २००५च्या २६ जुलैला घरात शिरलेल्या पाण्यात गंजलेला. बाकी पत्रा ठणठणीत. आजच्या अठरा मिलिमीटर प्लायच्या वॉर्डरोबला पाण्यात एक रात्र काढायला लावली तर काय होईल ते सांगायला नको.

दोन्ही बेडरूममध्ये भिंतभर वॉर्डरोब असल्याने तिथे जागा नव्हती. मी म्हटलं, हॉलमध्ये ठेवू. काकू बिथरल्या. "अगं, कपाट काय बाहेरच्या खोलीत ठेवतात? लोक काय म्हणतील?" काकांनी शांतपणे आठवण करून दिली की नौपाड्यात बाहेरच्या खोलीतच होतं की चाळीस वर्षं.

कपाट भिंतीला समांतर न ठेवता काटकोनात उभं केलं: दक्षिणेच्या भिंतीतून तीन फूट पुढे आलेलं, तोंड हॉलकडे, पाठ बाल्कनीकडे. त्याच्या पाठीमागे बाल्कनीच्या दारापर्यंत चार फूट जागा राखली. सोफा हलवल्यावर नातीची पट्टी जाणार होती, तिला ही तीन बाय चारची खोली मिळाली. कपाटाची पाठ लोखंडी, त्यामुळे चित्रं लोहचुंबकाने लागतात. सेलोटेपचं भांडण मिटलं. लहान मूल असलेल्या घरात उंच कपाट नुसतं उभं करू नये. दारं उघडी असताना खालच्या कप्प्यावर पाय देऊन चढलं की कपाट पुढे येतं. याच्या बाजूच्या पत्र्यातून वर-खाली एल-अँगल घेऊन ते भिंतीला फास्टनरने पक्कं केलं.

रंगाचं काम वागळे इस्टेटमधल्या एका गाड्यांच्या गॅरेजात झालं. पावडर कोटिंग टिकाऊ खरं, पण त्यासाठी अख्खं कपाट सुटं करून भट्टीत घालावं लागतं, आरसा-लॉकर सगळं काढावं लागतं. गॅरेजवाल्याने गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, लांबी (पुट्टी) भरली, घासली, प्रायमर मारला आणि ड्युकोचे, म्हणजे गाड्यांना मारतात त्या रंगाचे, हात फवारले. रंग सुनेने निवडला: गडद, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा हिरवा. मूळचा करडा रंग ठेवावा असं काकूंच्या मनात होतं. पण कपाट त्यांचं आणि रंग तिचा, असा तह झाला. गॅरेजवाला म्हणाला, मॅडम, जीपचा कलर आहे हा. कपाटाचे नऊ हजार झाले, टेम्पो आणि चार माणसांची हमाली वेगळी. सर्व्हिस लिफ्टमध्ये ते तिरकं करून जेमतेम बसलं.

सोफा टाकून दिला नाही. असे एल सोफे बहुतेक वेळा दोन तुकडे खालून ब्रॅकेटने जोडलेले असतात. ब्रॅकेट काढला, गादीवाल्याकडून उघड्या पडलेल्या बाजूंना हात बसवून घेतले, आणि एकाचे दोन झाले: तिघांचा सोफा दक्षिणेच्या भिंतीला, लांब बैठक दिवाणासारखी समोर, सुनेच्या कोऱ्या भिंतीखाली. मध्ये साडेचार-पावणेपाच फुटांचं अंतर. इतक्या अंतरावर माणसं आवाज न चढवता बोलतात. टीव्ही जागेवरच राहिला, फक्त भिंतीतून बाहेर येऊन वळणाऱ्या ब्रॅकेटवर बसवला. मॅच असली की मुलगा तो वळवून घेतो, आणि प्रत्येक वेळी कुरकुरतो.

दिवे

पैसे कमी असतील तर सगळ्यात आधी दिवे बदलावेत, असं मी सांगत असते. इथल्या फॉल्स सीलिंगच्या खोबणीत ६५०० केल्विनची पट्टी होती, खाली तसेच पांढरे पॅनेल लाइट. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप. ६५०० म्हणजे दुपारच्या ढगाळ आकाशाचा निळसर पांढरा उजेड. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड २७०० केल्विनच्या आसपासचा. पट्टी काढून ३००० केल्विनची लावली. वॉटेज तेवढंच ठेवल्याने ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारी डबी, जुनाच चालला.

पण नुसता रंग बदलून भागत नाही. या घरातला सगळा उजेड छतातून यायचा. छतातून येणारा उजेड डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावल्या पाडतो. माणसं थकलेली दिसतात. म्हणून उजेड खाली आणला: आरामखुर्चीशी एक उभा लॅम्प, सोफ्याच्या टोकाला एक टेबलावरचा, नातीच्या कोपऱ्यात कपाटाच्या वरून वाकलेला एक. तिन्ही दिव्यांना स्वतंत्र बटणं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पिवळा उजेड म्हणजे मंद उजेड, असा घोळ आमच्या धंद्यातले लोकही करतात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. काका बाल्कनीत जाऊन बसत ते काही निसर्गप्रेमाने नव्हे. घरात रात्री रोमँटिक अंधार आणि म्हाताऱ्या माणसाला पेपर वाचता येऊ नये, याला डिझाइन म्हणत नाहीत. त्यांच्या खुर्चीशी २७०० केल्विनचाच, पण आठशे-नऊशे ल्युमेन (उजेड किती, त्याचं माप) देणारा नऊ वॅटचा दिवा खांद्यामागून येईल असा लावला. दिवे घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघावा, नव्वद किंवा वर असलेला बरा. कमी सीआरआयच्या पिवळ्या दिव्याखाली वरण, साडी आणि माणसाची कातडी सगळंच मळकट दिसतं. ओट्यावर मात्र ४००० केल्विनचा दिवा राहू दिला. मिरची चिरताना आणि तांदूळ निवडताना तोच सोयीचा.

भिंतीत खिळा जात नाही

टॉवर मायवान पद्धतीचा. म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटने ओतलेले. विटेची भिंत जवळपास नाहीच. अशा भिंतीत हातोडीने खिळा ठोकला तर खिळा वाकतो. हॅमर ड्रिलच लागतं. वायर भिंतीत गाडायला खाच पाडायची तर ती चालत नाही, कारण भार त्या भिंतीच पेलत असतात. घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक नव्या घरांच्या भिंती वर्षानुवर्षं कोऱ्या राहतात त्यामागे सौंदर्यदृष्टी कमी आणि ड्रिलचा कंटाळा जास्त आहे.

काकूंचं कालनिर्णय फ्रीजच्या हँडलला सुतळीने लटकत होतं. फ्रीज उघडला की ते दाराबरोबर फिरायचं आणि बंद करताना दारात अडकायचं. महिन्याच्या पानाचा कोपरा चोळामोळा झालेला. आधीच्या कंपनीच्या माणसाला त्यांनी खिळा मागितला होता; तो म्हणाला, "आंटी, लुक खराब होईल." स्वयंपाकघराच्या चौकटीलगत वीतभर रुंदीचा भिंतीचा तुकडा होता. तिथे एक हूक आणि दोरीला बांधलेली पेन्सिल लावली. दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, सगळं आता तिथे. या घरात मी केलेल्या कामांपैकी काकूंनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सर्वांत जास्त वेळा दाखवलेलं काम हेच.

दक्षिणेच्या भिंतीवर साडेसहा फुटांवर एक सागवानी पट्टी आडवी मारली, वरच्या कडेला खाच पाडलेली. ड्रिलिंग एकदाच. खाचेत पितळी हूक अडकवायचे आणि तारेने फोटो सोडायचे. जागा बदलायची तर हूक सरकवायचा. जुन्या घरांत अशा पट्ट्या असत. कोणते फोटो लावायचे यावर थोडी चकमक झाली. हार घातलेले फोटो हॉलमध्ये नकोत, असं सुनेचं म्हणणं. ते काका-काकूंच्या खोलीत गेले. हॉलमध्ये काकूंच्या शाळेची सहल, कारखान्याच्या फाटकाशी काका आणि त्यांच्या पाळीतले सहकारी, नात पाण्यात नाक धरून, आणि सुनेच्या आईचा, डोंबिवलीच्या गॅलरीत शिवण करतानाचा. शेवटचा काकूंनी मागून घेतला.

टीव्हीमागचं पट्ट्यांचं पॅनेल काढून टाकलं. एमडीएफचं होतं, रोज फरशी पुसताना खालून पाणी लागून तळाशी फुगलं होतं. काढल्यावर भिंतीची डागडुजी आणि दोन खोल्यांचं रंगकाम यात बासष्ट हजार गेले, सगळ्या खर्चातला मोठा वाटा हाच. लावायला स्वस्त आणि काढायला महाग अशा वस्तूंत या पॅनेलचा नंबर वरचा.

देव, ओटा आणि ऊन

देवघर पॅसेजमध्ये, उभ्याने पूजा करण्याच्या उंचीवर, मागे जाळी आणि तिच्यामागे रंग बदलणारा दिवा. काकू बसून पूजा करणाऱ्या. निरांजनाची ज्योत वरच्या प्लायपासून फुटभरही लांब नव्हती आणि तिथलं लॅमिनेट तपकिरी पडलेलं. हे दिसण्यापेक्षा आगीच्या दृष्टीने वाईट. खालचे दोन ड्रॉवर काढून देव खाली घेतले, समोर पाटाची जागा केली, तेला-तुपासाठी काळ्या कडप्प्याची फरशी बसवली. रंगीत दिवा नातीने तिच्या कोपऱ्यासाठी मागून नेला.

ओटा चौतीस इंच उंच, काकू चार फूट दहा. त्यात पोळपाटाचे पाय धरले की छत्तीस. खांदे उचलून पोळ्या लाटाव्या लागत, म्हणून तर स्टूल. कोपराच्या चार ते सहा इंच खाली कामाचा पृष्ठभाग असावा हा साधा हिशोब. ओट्याला हात न लावता खिडकीखाली तीस इंचांचं एक छोटं टेबल, वर ग्रॅनाइट. कणीक, पोळ्या, भाजी निवडणं तिथे. टेबलापासून हॉलमधला दिवाण दिसतो, त्यामुळे पोळ्या लाटताना काकूंना गप्पांत भाग घेता येतो. घेतातच.

बाल्कनी पश्चिमेची, समोर येऊरचे डोंगर. एवढा देखावा आणि दिवसभर जाड ब्लॅकआउट पडदे ओढलेले, कारण दुपारी एकनंतर ऊन थेट आत. काँक्रीटच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री आठ-नऊपर्यंत ती धग आत सोडत राहतात. ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडवण्यापेक्षा काचेबाहेर अडवलेलं चांगलं. आत आलेली उष्णता आतच राहते. सोसायटीच्या नियमाप्रमाणे रेलिंगबाहेर काही लावता येत नाही, म्हणून बाल्कनीच्या आतल्या बाजूला बांबूची चिक लावली. सकाळी गुंडाळलेली, जेवणानंतर सोडायची. जूनमध्ये ती काढून ठेवतात; एकोणिसाव्या मजल्यावर पश्चिमेचा वारा तिला टिकू देणार नाही. कपडे वाळवायच्या दोऱ्या बाल्कनीच्या एका बाजूला सरकवल्या. डोंगर दिसायला लागला.

पुढे काय झालं

सगळा खर्च एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपास, माझी फी सोडून. रंगकामानंतर मोठी रक्कम दिव्यांची, चौतीस हजार. मग सोफ्याचे चोवीस.

सहा महिन्यांनी गेले तेव्हा काका खुर्चीत होते आणि पेपरवर पिवळा उजेड होता. काकूंच्या नौपाड्याच्या फेऱ्या आठवड्यातून एकीवर आल्या होत्या. उलट तिकडच्या दोघी मैत्रिणी मधूनमधून इकडे येतात म्हणाल्या, दिवाणावर बसतात. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. कपाटाचं दार पहाटे पाचला काकू उघडतात तेव्हा त्याचा आवाज अख्ख्या घरात जातो. दाराच्या कडेला फेल्टच्या गोळ्या लावल्या, थोडा कमी झाला. सुनेला अजून कामासाठी स्वतंत्र टेबल नाही. ती दिवाणावर मांडी घालून लॅपटॉप घेते आणि दुपारी तिची पाठ दुखते. कोऱ्या भिंतीवर गणपतीत काकूंनी एक तोरण लावलं होतं, अनंत चतुर्दशीला स्वतःच काढलं. सून म्हणाली, मी काही बोलले नाही ताई, खरंच.

टेबलाचं आता ठरलंय. बेडरूमच्या खिडकीशी साडेतीन फुटांचं, काकूंच्या शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर सागाची फळी बसवून. शिवणयंत्राचं मुंडकं काकूंनी कळव्याला भावजयीकडेच ठेवलंय, ती वापरते. फळी तयार आहे, पण पॉलिश दसऱ्यानंतर करायचं असं मी सांगितलंय. पावसाळ्यातल्या दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते आणि मग सगळं घासून पुन्हा करावं लागतं.